माळ्यावरचं ऋण

आपण कुणाचं देणं लागतो हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. माझ्यापुरती यादी तयार होती. त्यात दोन माणसं होती: कोझिकोडच्या एक सिस्टर आणि काळाचौकीची एक आई. त्यांचं ऋण फिटणारं नव्हतं, पण निदान ते कुणाचं आहे एवढं मला माहीत होतं. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी कळलं, की यादीत एक नाव राहून गेलंय आणि कितीतरी वर्षांची बाकी त्याच नावावर आहे.

माझं सगळं आयुष्य परळमध्ये गेलं. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून 2009 साली मी निवृत्त झाले. घर ते शाळा ही वाट जेरबाई वाडिया रोडवरून जायची. वाडियांचं मुलांचं रुग्णालय तिथं 1929 पासून आहे, टाटा रुग्णालय 1941 पासून आणि पलीकडे केईएम. फुटपाथवर चटया, पातेली, औषधांच्या पिशव्या आणि फायली छातीशी धरून बसलेले आईबाप. कडेवर तोंडाला मास्क लावलेली, डोक्यावरचे केस गेलेली मुलं. रोज बघून माणसाची नजर निबर होते. माझीही झाली होती. एकदा एका बाईनं मुलाच्या दुधासाठी गरम पाणी मागितलं, तेव्हा शाळेची घंटा चुकू नये म्हणून मी तिला चहाच्या टपरीकडे बोट दाखवून पुढे गेले होते. ती बाई निवृत्तीनंतर मला रोज आठवू लागली.

2011 च्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली सूचना दिसली. भागातल्या एका छोट्या संस्थेला गंभीर आजारी मुलांच्या घरी जाण्यासाठी स्वयंसेवक हवे होते. आठवड्यातले दोन तास द्यायचे, शिक्षणाची अट नाही, प्रशिक्षण मोफत. प्रशिक्षण मंडळाच्याच हॉलमध्ये होतं. चार रविवार, दर रविवारी चार तास. आम्ही अकरा जण जमलो. बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर, शिवणकाम करणारी एक बाई, भाजीचा गाळा असलेल्या मावशी, दोन कॉलेजच्या मुली, मंडळाचे चिटणीस, आणखी काही शेजारीपाजारी.

शिकवायला सिस्टर आल्या. त्या मूळच्या कोझिकोडच्या, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात 1993 साली काही डॉक्टरांनी वेदनाशमनासाठी एक सोसायटी सुरू केली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगाव शेजारपाजारच्याच लोकांना शिकवून तयार करण्यात आलं आणि दुखणाइताच्या घरी तेच जाऊ लागले. सिस्टरांनी ते काम जवळून पाहिलं होतं, त्यात राबल्याही होत्या. रिक्षावाले, मास्तर, विद्यार्थी, दुकानदार. तिथंही शिकवणी सोळा तासांचीच असे आणि त्यानंतर नर्सबरोबर घरोघरी फिरणं. त्या म्हणायच्या, "डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो. नर्स आठवड्यातून एकदा. उरलेले सगळे दिवस शेजाऱ्याचे. म्हणून शेजाऱ्याला शिकवायचं."

पहिल्या रविवारी त्यांनी एकाही आजाराचं नाव घेतलं नाही. आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवलं. एकानं पाच मिनिटं आपल्या मनावरचं ओझं सांगायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, "माझ्या नणंदेलाही असंच झालं होतं" असं म्हणायचं नाही, चुकचुकायचंही नाही. अकरांपैकी एकालाही ती पाच मिनिटं निभावता आली नाहीत. माझ्यासमोर भाजीच्या मावशी होत्या. त्यांच्या थोरल्या मुलाचं त्या सांगत होत्या, आणि मी दुसऱ्याच मिनिटाला त्यांना शहाणपण शिकवायला लागले. बत्तीस वर्षं मी बोलत होते आणि समोरची मुलं ऐकत होती. सिस्टरांनी चार रविवारांत ती सवय मोडायला घेतली. त्यांचं पहिलं ऋण हे.

दुसरा रविवार दुखण्याचा. दुखतं का, किती दुखतं, हे लहान मूल सांगेलच असं नाही. म्हणून हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे सहा चेहरे काढलेलं कार्ड मुलापुढे ठेवायचं आणि त्याच्या बोटाकडे बघायचं. त्याहून लहान असेल तर पाच गोष्टी पाहायच्या: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं की नाही. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हे गुण वहीत लिहून सिस्टरांना कळवायचे, औषधाचा निर्णय त्यांचा आणि डॉक्टरांचा. मॉर्फीनचं नाव निघालं तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. कंडक्टरकाका म्हणाले, ते तर शेवटचं औषध. सिस्टरांनी शांतपणे समजावलं, की ते दुखण्याचं औषध आहे, शेवटाचं नाही. दुखणं तीव्र असलं की द्यायचं, ठरल्या वेळी द्यायचं, साधारण चार चार तासांनी, दुखून ओरडेपर्यंत थांबायचं नाही. पोट बांधतं, म्हणून जोडीला पोट साफ राहायचं औषध हवंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेणाऱ्या मुलाला त्याचं व्यसन लागेल ही भीती बाळगू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ही सेवा मरणाच्या दारात सुरू होत नाही. निदान झाल्या दिवसापासून ती हवी आणि उपचारांच्या बरोबरीनं चालायला हवी. ती फक्त कर्करोगाचीही नाही. थॅलेसेमिया, स्नायूंचे आजार, हृदयाचे जन्मजात दोष, मेंदूचा पक्षाघात, ज्या घरात मूल दीर्घकाळ झुंजतं त्या प्रत्येक घराची ती आहे.

तिसऱ्या रविवारी मुलांचं मन. पाच वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं वाटतं, माणूस परत येईल असं त्याला वाटत राहतं. सात-आठ वर्षांच्या सुमाराला त्याला हळूहळू कळू लागतं, की गेलेलं माणूस परत येत नाही. आपण खोड्या केल्या म्हणून आजार आला असं पुष्कळ मुलांना मनातून वाटतं आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नाहीत. गेलेल्याला "झोपला" म्हणायचं नाही, कारण मग घरातलं दुसरं मूल झोपायला घाबरतं. मुलानं अवघड प्रश्न विचारला तर पळायचं नाही, आधी "तुला काय वाटतं?" असं विचारायचं. आणि त्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "घरात एक आजारी मूल असतं आणि एक विसरलेलं मूल असतं." हे वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. रेघाही तशाच आहेत.

चौथा रविवार काय करायचं नाही याचा. औषधाचा डोस बदलायचा नाही. बाबा, भगत, जडीबुटी सुचवायची नाही. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही. पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही.

2012 च्या जूनमध्ये मला काळाचौकीचं घर मिळालं. घर साताऱ्याकडचं. वडील मशीद बंदरला माथाडी, आई चार घरी पोळ्या करायची. आठ वर्षांचा मुलगा, तिसरीतला. रक्ताचा कर्करोग उपचारांनी एकदा आटोक्यात येऊन पुन्हा उलटला होता. आणि अकरा वर्षांची बहीण, सहावीतली. दहा बाय बाराची खोली, त्यात लाकडी माळा. मी शिक्षिका होते म्हणून सगळे मला बाई म्हणू लागले.

पहिले काही आठवडे मी कामाचीच होते. त्या जुलैत जीवनदायी योजना मुंबईत नुकतीच सुरू झाली होती. केशरी रेशनकार्ड, दाखले, झेरॉक्स, खिडक्या हे सगळं मी आणि चिटणीसांनी मिळून निस्तरलं. मुलाची शाळा सुटू नये म्हणून त्याच्या बाईंकडून पुस्तकं आणली. वडिलांना मॉर्फीनची भीती होती, नशेचं औषध पोराला कसं द्यायचं म्हणून. सिस्टर येऊन तासभर त्यांच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या, तेव्हा त्यांनी पहिला घोट स्वतःच्या हातानं दिला. त्या रात्री मुलगा सलग पाच तास झोपला. पाठीवर गोणी वाहणारा तो माणूस सकाळी मला वहीतला आकडा दाखवत होता. आदल्या दिवशी आठ, आज तीन.

एकदा मुलानं मला विचारलं, "बाई, मी नाय आलो शाळंत, तर माझी जागा कुणाला देतील?"

छातीत धस्स झालं. पण सिस्टरांची शिकवणी कामी आली. मी म्हटलं, "तुला काय वाटतं, कुणाला द्यावी?"

तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मागच्या बाकावरच्याला. त्याला फळा दिसत नाय." मग समाधानानं चित्र काढू लागला. त्या दिवशी मला वाटलं, जमलं आपल्याला.

आणि ऑगस्टमध्ये मी चुकले. त्या दिवशी आई रुग्णालयातून परतली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की आता औषधं आजारावर चालत नाहीत, दुखणार नाही हे पाहू. मी पोचले तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली होती. तोंडाला पदर, डोळे कोरडे. वर बघून म्हणाली, "बाई, आता काय हुईल?" तिच्या शेजारी बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. ते मला सोसलं नाही. मी उभ्या उभ्या, वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "काही काळजी करू नका. बरा होणार तो. सगळं ठीक होणार."

तिनं मान हलवली, उठली आणि चहा टाकला.

मी ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. सिस्टर दर आठवड्याला आमच्या वह्या वाचायच्या. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे वाक्य कोणासाठी होतं?" मी म्हटलं, तिच्यासाठी. त्या थांबल्या आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा कळलं, ते माझ्यासाठी होतं. तिचं दुःख मला बघवत नव्हतं म्हणून मी त्यावर झाकण ठेवलं होतं. आजही कुणाच्या घरी तोंड उघडण्याआधी तो प्रश्न मी मनात विचारते.

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या पोरांनी मुलासाठी मांडवाच्या मागून वाट काढली. वडिलांनी त्याला खांद्यावर आणलं, आरतीच्या वेळी झांज त्याच्या हातात दिली. पितृपक्षात एका पहाटे तो घरीच गेला, आईच्या मांडीवर, शांत. दुखणं शून्य, असा शेवटचा आकडा वडिलांनी वहीत लिहून ठेवला होता.

मूल गेल्यावरही त्या घरी जात राहायचं, हे आमच्या शिकवणीत होतं. महिन्याभरानं गेले तेव्हा आईनंच विषय काढला. "बाई, राग मानू नगा. त्या दिशी तुमी बरा हुईल म्हनलात. मला ठावं हुतं, न्हाई हुनार. पर तुमी तसं म्हनलात आन् मला तुमच्याम्होरं रडता यीना. तुमास्नी वाईट वाटंल म्हून." मुलाचं मरण डोळ्यांपुढे असलेली ती बाई त्या दिवशी मला सांभाळत होती. मी हात जोडले. ती म्हणाली, "हे त्या शिकायला येनाऱ्यांना सांगा. दुसऱ्या कुनी तसं बोलू नये."

तिची आज्ञा मी पाळली. 2013 पासून सिस्टर मला प्रशिक्षणात बरोबर घेऊ लागल्या. 2016 मध्ये त्या कोझिकोडला परत गेल्यावर वर्ग मीच घ्यायला लागले. प्रत्येक तुकडीला पहिल्याच रविवारी मी माझी चूक सांगते, कुणाचंही नाव न घेता. आईचं देणं मी अशी फेडत होते आणि फेडतेय याचं समाधानही होतं.

गेल्या वर्षीच्या तुकडीच्या अर्जांत काळाचौकीचा पत्ता आणि ओळखीचं आडनाव दिसलं. मुलगी तेविशीची, नोकरी करणारी. ती हॉलमध्ये आली तेव्हा मी ओळखलं. त्यांची खोली जाऊन इमारत उभी राहिली, आईवडील गावी परतले, ती मावशीकडे राहते. वर्ग सुरू होण्याआधी तिला बाजूला घेऊन मी म्हटलं, "मी इथं दरवेळी तुमच्या घरची एक गोष्ट सांगते. तुझ्या आईच्या परवानगीनं. आज तू आहेस. सांगू का?"

ती म्हणाली, "सांगा ना बाई. कुठली?"

मी सांगितली. ती ऐकता ऐकता खाली बघू लागली. मग म्हणाली, "मी माळ्यावर होते तेव्हा. गृहपाठ करत होते. मी ऐकलं होतं ते."

मला काही बोलता येईना.

"त्याला माझी कंपासपेटी हवी होती. रोज मागायचा. तिसरीत कुणाकडे नव्हती ना. मी देत नव्हते. तुम्ही म्हणालात बरा होणार, मग मी ठरवलं, बरा झाला की देईन. बाई खोटं बोलत नाहीत असं वाटायचं तेव्हा." थोडं थांबून ती म्हणाली, "मग ती पेटी मी वापरलीच नाही. दहावीपर्यंत मैत्रिणीची घ्यायचे. मला तुमचा राग नाही आला कधी. माझाच यायचा."

त्या दुपारचा वर्ग मी कसा घेतला ते आठवत नाही. घरी येऊन 2012 ची वही काढली. त्या घरी मी सतरा वेळा गेले होते. प्रत्येक भेटीची नोंद आहे. ताप, दुखण्याचे गुण, आईचं जेवण, वडिलांची रजा, कागदपत्रं. मुलीबद्दल सतरा भेटींत मिळून एकच ओळ सापडली: "बहीण माळ्यावर अभ्यास करत होती." त्यामागच्याच पानांवर ते दोन रेघा ओढलेलं वाक्य होतं.

रात्री सिस्टरांना फोन लावला. त्या आता थकल्यात, मराठी शब्द शोधावे लागतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही एकट्या चुकला नाही. वही मी वाचत होते. मी पण विचारलं नाही, ती मुलगी कशी आहे." गुरूनं आपल्या चुकीतला अर्धा वाटा उचलावा, याहून मोठं काय असतं? त्यांच्या नावावरचं माझं देणं त्या रात्री वाढलं.

दुसऱ्या रविवारी त्या मुलीनं वर्गासमोर आपला भाग स्वतः सांगितला. मी शेजारी बसून पाच मिनिटं फक्त ऐकलं. तेव्हापासून आमच्या शिकवणीत एक गोष्ट वाढली आहे. घरात शिरल्यावर काही बोलायच्या आधी घरातले कान मोजायचे. पलंगावरचे, चुलीपाशीचे, दाराआडचे, माळ्यावरचे. तुमचं बोलणं त्या सगळ्यांना ऐकू जाणार आहे. आणि वहीत दर भेटीला एक रकाना भावंडाचा: आज ते काय करत होतं, त्याला कुणी काही विचारलं का. रकाना तिनंच आखला.

त्या मुलीचं ऋण फेडायचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. ती पेटी वेळेत त्याच्या हाती जाऊ शकली असती, आणि माझ्या एका वाक्यानं ती राहिली. हे कशानं भरून निघणार? आईनं मला सांगायचं काम दिलं होतं, मुलीनं तसं काही मागितलंही नाही. ती दर शनिवारी एका घरी जाते, तिथल्या धाकट्या भावाबरोबर कॅरम खेळते, वही लिहिते. मी ती वही वाचते आणि प्रत्येक रकाना नीट पाहते.

गेल्या बुधवारी आम्ही दोघी नायगावला एका नव्या घरी गेलो. सहा वर्षांची मुलगी, मूत्रपिंडाचा आजार. आई दारातच उभी होती, चेहऱ्यावर तोच प्रश्न. मी तिचा हात धरला आणि आत जाऊन जमिनीवर बसले. बोलायच्या आधी वर पाहिलं. माळ्याच्या कडेवरून दोन लहान पाय खाली लोंबत होते, अगदी न हलता.

मी त्या पायांना विचारलं, "वर कोण आहे गं? तुझं नाव काय?"